एकोणीस नंबरची काठी

१

प्रयोगवहीतलं बनवलेलं रीडिंग बाईंना वासावरून कळतं, अशी शाळेत ख्याती होती. पाणी तापवण्याच्या प्रयोगात कुणाचं तापमान दर मिनिटाला बरोब्बर पाच अंशांनी वाढलेलं दिसलं, की बाई चष्मा कपाळावर सरकवत आणि गोड आवाजात विचारत, "काय रे, तुझ्या पाण्याला घड्याळ बघता येतं वाटतं?" मग लाल पेनाने 'पुन्हा करा'. बावीस वर्षांत त्यांनी हे दोन शब्द इतक्या वेळा लिहिले होते, की घरी चहा बिघडला तर नवराच हात जोडून म्हणायचा, "पुन्हा करतो, बाई."

अशा बाईंची ध्रुवप्रदेशातल्या मोहिमेसाठी निवड झाली, तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. दरवर्षी एका शास्त्रशिक्षकाला तिथल्या उन्हाळ्यातले सहा आठवडे बर्फावर नेत. प्रयोग ज्याचा त्याने सुचवायचा. बाईंचा प्रयोग अगदी साधा होता. सातवीच्या वर्गातल्या छत्तीस मुलांनी छत्तीस बांबूच्या काठ्या रंगवल्या, प्रत्येकीवर आपापला हजेरीचा नंबर घातला. बाईंनी त्या केबिनपासून टेकाडापर्यंत वीस-वीस पावलांवर एका रांगेत रोवल्या. प्रत्येक काठी बर्फावर एकशेवीस सेंटिमीटर. रोज सकाळी दहा वाजता पट्टी घेऊन निघायचं, काठी बर्फाच्या वर किती उरली ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. शाई गोठते म्हणून पेन्सिलीने. संध्याकाळी आकडे शाळेला पाठवायचे, की तिथे त्यांच्या जागी आलेल्या नव्या बाई ते भिंतीवरच्या तक्त्यात भरत. शनिवारी दहा मिनिटं सॅटेलाइट फोन. त्यातली चार मिनिटं हजेरीत जात, पण हजेरीशिवाय तास सुरू करणं बाईंच्या रक्तातच नव्हतं.

केबिन दोन खोल्यांची. माणसं तीन. मोहिमेचे प्रमुख, मेकॅनिक आणि बाई. मेकॅनिक यंत्रंही सांभाळायचा आणि स्वयंपाकही, आणि दोन्हींना एकच पान्हा वापरतो असं प्रमुख म्हणत. सूर्य मावळत नव्हता. झोपायच्या वेळी खिडकीला घोंगडी लावायची आणि रात्र झाली असं समजायचं.

एकोणीस नंबर ही बाईंची मुलगी. घरी ती खारूताई, वर्गात मात्र नुसती एकोणीस. वर्गात आईला 'बाई' म्हणायचं, हा नियम तिने पहिल्या दिवसापासून पाळला होता. कुणी बोट दाखवू नये म्हणून बाई तिचा पेपर दोनदा तपासत आणि दुसऱ्यांदा एक गुण कमी करत. पोरीने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. तक्रार केली ती आई सहा आठवडे जाणार म्हटल्यावर, आणि तीही न बोलता. तिने काठी दिलीच नाही. निघायच्या दिवशी ती काठी वीस नंबर घेऊन आला. वीस नंबर म्हणजे ढब्बू, शाळेत घंटा देणाऱ्या मावशींचा मुलगा, खारूताईच्या बाकावर बसणारा. "हिने रंगवली नाही म्हणून मीच रंगवली, बाई," तो म्हणाला. "नंबर बरोबर आहे का बघा."

नंबर बरोबर होता. बाईंनी खारूताईच्या बंद दाराशी उभं राहून सांगितलं, "तुझी काठी मी रोज मोजीन. एकही दिवस चुकणार नाही."

२

पाचव्या आठवड्याच्या रविवारी वारा सुटला. प्रमुखांनी दाराला आडणा घातला.

"दोरी बांधून जाऊ का?" बाईंनी विचारलं.

"दोरी परत येईल, तुम्ही नाही," प्रमुख म्हणाले. विषय संपला.

संध्याकाळी बाई वही उघडून टेबलाशी बसल्या. 'वादळ. रीडिंग नाही.' एवढं लिहिलं की झालं असतं. पण आदल्याच दिवशी फोनवर, हजेरी संपल्यावर, चार आठवडे 'हजर' सोडून एक अक्षर न बोललेल्या पोरीने विचारलं होतं, "बाई, एकही दिवस चुकला नाही ना?" त्या आवाजात राग थोडा विरघळलेला होता. तो पुन्हा गोठवायला बाईंचं मन होईना.

त्यांनी पेन्सिल उचलली.

रीडिंग कसं बनवू नये हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? खरे आकडे ओबडधोबड असतात. त्यांनी काही काठ्या दोनाने उतरवल्या, काही पाचाने, तिसाव्या काठीला उलट एकाने चढवलं, अकरावीला हातच लावला नाही. प्रत्येक रांगेत एखादी जागा अशी असते, की तिथे बर्फ साचतच जातो. तशी एक तरी दाखवायला हवी. पण कुणाची? दुसऱ्याच्या लेकराची काठी पुरायला बाईंचा हात धजेना. उद्या पालक म्हणायचे, बाईंनी आमच्याच मुलाची काठी खड्ड्यात रोवली. त्यांनी सवयीने आपल्याच पोरीला पुढे केलं. एकोणीस : एकशेबारा.

"चोर," मेकॅनिक मागून वाकून बघत म्हणाला. "आणि म्हणे मुलांना शिस्त लावतात."

"तुझं सूप करपतंय, तिकडे बघ," बाई म्हणाल्या. पण त्यांचे कान लाल झाले.

वादळ तीन दिवस चाललं. सोमवारी एकोणीस : एकशेचार. मंगळवारी शहाण्णव. मंगळवारी लिहिताना बाईंना बाहेरचा आवाज बदलल्यासारखा वाटला. वारा घोंघावत होताच, पण त्याच्या आत एक कुजबुज होती. शिक्षक वर्गाबाहेर गेले की वर्गाचा जो आवाज होतो, तसा. बाईंनी वहीतून मान वर केली. आवाज थांबला. वाराही थांबल्यासारखा झाला. त्यांनी मान खाली घातली, पेन्सिल टेकवली, आणि कुजबुज पुन्हा सुरू झाली.

वाऱ्याचे झोत असतात, बाईंनी स्वतःला सांगितलं. येतात, जातात. तरी उरलेले आकडे त्यांनी मान खालीच ठेवून संपवले.

३

बुधवारी सगळं लख्ख होतं. बाई पट्टी घेऊन निघाल्या, तेव्हा त्यांच्या मनात एकच विचार होता. आजचे खरे आकडे बनवलेल्या आकड्यांशी जुळणार नाहीत, तक्त्यावर उडी दिसेल आणि पोरं विचारतील. काय सांगायचं, याची जुळवाजुळव करत त्या पहिल्या काठीशी पोचल्या.

पहिली काठी : एकशेअठरा. मंगळवारी त्यांनी एकशेअठराच लिहिलं होतं.

दुसरीही जुळली. तिसरी जुळली तेव्हा बाईंना हसू आलं, दहावी जुळली तेव्हा ते गेलं. अकरावीच्या बुंध्याशी बर्फ जराही चढला नव्हता. बुंधा कुणी झाडून ठेवल्यासारखा मोकळा होता. तिसावी एका सेंटिमीटरने वर आली होती. एकोणिसाव्या काठीभोवती बर्फाचा गोल उंचवटा होता. शहाण्णव.

त्यांनी मेकॅनिकला हाक मारली. "मी वही बंद ठेवते. तू फक्त आकडे मोठ्याने म्हण."

त्याने दहा काठ्या वाचल्या. मग वही बघितली आणि शीळ घातली. "बाई, तुम्ही लॉटरीचं तिकीट का नाही घेत?"

प्रमुखांनी खांदे उडवले. "बावीस वर्षं रीडिंग बघताय. अंदाज बरोबर यायचाच. बोलाफुलाला गाठ पडली, झालं."

गाठ एक पडते, दोन पडतात. छत्तीस गाठी पडल्या तर त्याला जाळं म्हणतात. पण बाई शास्त्र शिकवायच्या. जाळ्यावर त्यांचा विश्वास नव्हता, पडताळ्यावर होता.

४

पडताळा घ्यायचा तर आकडा असा हवा, की योगायोगाला जागाच उरू नये. बुधवारी संध्याकाळी हवा इतकी शांत होती, की स्टोव्हचा धूर दोरा धरल्यासारखा सरळ वर जात होता. बाईंनी वहीत दुसऱ्या दिवशीची तारीख घातली आणि एकच ओळ लिहिली. सात : शून्य.

सातच का? सातवी काठी केबिनच्या खिडकीतून नीट दिसायची, एवढंच. ती वर्गातल्या सगळ्यात बडबड्या पोरीची होती. बाई तिला पोपट म्हणत. हजेरीत सगळे 'हजर' म्हणत, ही म्हणायची, 'हजर आहे बाई, आणि काल काय झालं माहितीये का!' काठीवर तिने निळे मासे काढले होते, एकमेकांच्या शेपट्या धरलेले.

बाईंनी खिडकीतून मासे बघितले, घोंगडी लावली आणि झोपल्या.

सकाळी घोंगडी काढली तर सहाव्या काठीनंतर आठवी होती. मधली वीस पावलं आणि पुढची वीस पावलं सपाट, शुभ्र, एक ओरखडा नसलेली. बर्फ कुठून आणलेला दिसत नव्हता, कुणी चाललेलं दिसत नव्हतं.

बाईंना भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर आधी आनंद झाला, प्रयोग यशस्वी झाल्यावर होतो तसा. तो आनंद पुढे त्यांना फार दिवस खात राहिला.

५

शनिवारी फोन लागला. नव्या बाईंनी स्पीकर लावला, बाक सरकल्याचे आवाज आले, आणि हजेरी सुरू झाली.

"एक, हजर." "दोन, हजर." बाई डोळे मिटून ऐकत होत्या. "पाच, हजर." "सहा, हजर." "आठ, हजर."

ना पोपटाची बडबड, ना कुणाचं हसू. सहावरून आठवर वर्ग सरळ चालत गेला, पायरी नाही तिथे पाय न अडखळावा तसा.

"थांबा," बाई म्हणाल्या. "सात?"

फोनमध्ये खरखर.

"सात कोण, बाई?" नव्या बाईंनी विचारलं.

"आजारी आहे का ती?"

"सात नंबर रिकामाच आहे ना पहिल्यापासून? तक्त्यावरही सहानंतर आठच आहे. पस्तीस मुलं आहेत, बाई. तुम्हीच यादी दिली होतीत."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. बाई नंबर विसरल्या! पुढची हजेरी बाईंच्या कानांपर्यंत पोचली नाही. एकोणिसाचं 'हजर' तेवढं पोचलं. आज त्याच्या मागे एक खोकला होता.

"बरं नाही का ग?" बाई नियम विसरून म्हणाल्या.

"थंडी वाजतेय, बाई. घरात पण वाजते," खारूताई म्हणाली. तेवढ्यात दहा मिनिटं संपली.

मेकॅनिक इंजिनाशी झटत होता. बाईंनी त्याला विचारलं, "आपण किती काठ्या रोवल्या होत्या?"

"मी कुठे मोजल्या? तुम्ही म्हणालात तेवढ्या. पस्तीस-छत्तीस." सामानाच्या यादीत बघितलं, तर 'बांबू, एक गठ्ठा' एवढंच.

बाईंनी फावडं घेतलं आणि सहाव्या आणि आठव्याच्या मधली जागा खणली. छातीइतकं खणल्यावर काठी लागली. काठी कोरी होती. मासे नाहीत, नंबर नाही, रंग खरवडल्याची खूणही नाही. बाईंनी हातमोजा काढून ती उघड्या बोटांनी चाचपली. तिच्यावर कधी रंग चढलाच नव्हता.

मग त्यांना वही आठवली. त्यांनी पानं उलटली. रविवार एकशेबारा, सोमवार एकशेचार, मंगळवार शहाण्णव. हे त्यांनी बनवलेले. बुधवार शहाण्णव, हे मोजलेलं. गुरुवार अठ्ठ्याऐंशी. शुक्रवार ऐंशी. आजचं बहात्तर. सगळे दिवस हवा शांत होती. हे आकडे त्यांनी स्वतः मोजून स्वतः लिहिले होते, आणि सातव्या काठीच्या नादात त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं. रोज आठ. घड्याळ बघून तापणाऱ्या पाण्यासारखे.

बहात्तराला आठाने भागायला त्यांना वेळ लागला नाही. उत्तर आलं नऊ दिवस.

६

रविवारी त्यांनी पेन्सिलीने लिहिलं, एकोणीस : एकशेवीस. पान भरून लिहिलं, पोराने शिक्षा म्हणून लिहावं तसं. सोमवारी काठी छप्पन्नावर होती. आता त्यांच्या पेन्सिलीचं कुणी ऐकत नव्हतं. आकडा कसा बनवायचा हे त्यांनी एकदा शिकवलं होतं, तेवढं पुरलं होतं.

काठी उपटता येईना. मेकॅनिकने दोन झटके दिले आणि कंबर धरली. "भरलेल्या ग्लासात चमचा ठेवून बर्फ करा आणि मग चमचा काढून दाखवा," तो म्हणाला. करवत आणून कापायचं बाईंच्या मनात आलं. मग कापलेल्या काठीचं रीडिंग किती, हा प्रश्न पडला आणि त्यांनी करवत लांब फेकून दिली.

उरलं फावडं. सोमवारी त्यांनी एकोणिसाव्या काठीभोवतीचा सगळा बर्फ उपसला, पार एकशेवीसपर्यंत. घामाने कपडे भिजले आणि अंगावरच गोठले. संध्याकाळी त्यांनी प्रमुखांचे पाय धरायचे बाकी ठेवून फोन मागितला. नवरा म्हणाला, "अगं, कमाल आहे. दुपारपर्यंत रजईत होती, आत्ता उड्या मारतेय. काय पोरगी आहे!" बाई फोन ठेवून ढसाढसा रडल्या.

मंगळवारी एकोणीस एकशेवीसवरच होती. वीस अठ्ठेचाळीसवर होती.

बाई बराच वेळ तिथे उभ्या राहिल्या. मग त्यांनी विसाव्या काठीभोवतीचा बर्फ उपसला. बुधवारी वीस मोकळी होती आणि एकोणीस चाळीसवर होती. बर्फ कुणाशी तरी उभा राहणारच होता. कुणाशी, एवढंच फावड्याच्या हातात होतं, आणि आकडा थांबत नव्हता. गुरुवारी वीस, बत्तीस. शुक्रवारी एकोणीस, चोवीस.

"बाई, तुम्ही त्या दोन काठ्यांच्या पाठी का लागलात?" मेकॅनिकने विचारलं. त्याच्या आवाजात आता थट्टा नव्हती. बाईंची बोटं फुटून रक्त आलं होतं.

"आपण इथे आणखी आठवडा राहू शकतो?" बाईंनी प्रमुखांना विचारलं.

"विमान उद्या अकराला येतंय. केबिन बंद करायची आहे. हे इंधन बघा, आहे का आठवड्याचं?"

"मी एकटी राहिले तर?"

प्रमुखांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच ते मऊ आवाजात बोलले. "बाई, बर्फावर असं होतं माणसाला. सगळ्यांना होतं. घरी गेलात की हसाल."

शुक्रवारी रात्री म्हणायच्या वेळी बाईंनी घोंगडी लावली नाही. त्या दिवसभर उपसलेल्या एकोणिसाव्या काठीकडे बघत बसल्या. मान खाली घातली की कुजबुज यायची. मान वर केली की शांत. शाळेत या शांततेचा त्यांना केवढा अभिमान होता.

७

शनिवारी सकाळी दहा वाजता बाई पट्टी आणि फावडं घेऊन निघाल्या. एकोणीस, एकशेवीस. वीस, सोळा.

काठीचं नुसतं टोक वर होतं. ढब्बूने टोकाशी एक पिवळी शिडी काढली होती, तिच्या वरच्या दोन पायऱ्या दिसत होत्या.

विमान तासाभरात यायचं होतं. विसावी काठी आत्ता उपसली, तर उद्या एकोणीस आठावर येणार आणि परवा शून्यावर, आणि उपसायला इथे कुणी नसणार. नाही उपसली, तर हेच विसाव्याचं होणार. आकडेमोड सातवीच्याच काय, चौथीच्या मुलालाही जमली असती.

बाईंना मावशी आठवल्या, घंटा देऊन झाल्यावर खिडकीतून वर्गात डोकावणाऱ्या. आपलं पोरगं लिहितंय ना, एवढं बघून पुढे जाणाऱ्या. बाईंनी फावडं बर्फात खुपसलं. काढलं. पुन्हा खुपसलं. मग त्या मोठ्याने म्हणाल्या, "ढब्बू, बाळा..."

त्यांनी फावडं खांद्यावर घेतलं आणि त्या केबिनकडे चालू लागल्या. मागे वळून बघितलं नाही. पावलं मात्र मोजली, वीस आणि वीस आणि वीस.

मेकॅनिकने फावडं हातातून घेतलं. "आज नाही खणलंत?"

"झालं," बाई म्हणाल्या.

विमान उडालं तेव्हा पंख्यांनी बर्फाचा धुरळा उठवला. बाई खिडकीशी होत्या. धुरळ्यातून रांग दिसली. ती काठ्यांची रांग नव्हती. पोरं प्रार्थनेला उभी राहतात तशी, हातभर अंतर सोडून, खांदे सरळ, तोंडं समोर. बाईंनीच शिकवलं होतं तशी. सातव्या जागीही कुणीतरी होतं. विसाव्या जागी जे होतं त्याचं फक्त डोकं बर्फाच्या वर होतं, काळ्या केसांचं, आणि सगळ्या रांगेत तेवढंच एक मागे वळून विमानाकडे बघत होतं.

पंख कलला. पुन्हा खिडकीत खाली पांढरं आलं, तेव्हा बांबूच्या काठ्या होत्या, काडेपेटीतल्या काड्यांएवढ्या.

"झोपा जरा," प्रमुख म्हणाले.

८

मंगळवारी बंदराच्या गावातल्या विश्रामगृहातून बाईंनी घरी फोन लावला. साधा फोन, भिंतीवरचा. खोलीत हीटर होता, जमिनीवर गालिचा होता आणि खाली कुणीतरी जिन्याचा कठडा पुसत होतं.

"गुरुवारी पोचतेस ना?" नवऱ्याने विचारलं. "इकडे सगळं ठीक. पोरगी ठणठणीत आहे. घे, तीच फोन ओढतेय."

"आई!" खारूताई म्हणाली. "माझ्या काठीचं शेवटचं रीडिंग सगळ्यात जास्त आलं. एकशेवीस. नव्या बाईंनी तक्त्यावर स्टार दिला."

"हो ग, बाळा."

"आणि आई, आज शाळेत मजाच झाली. म्हणजे मजा नाही. मावशी घंटा द्यायच्याच विसरल्या. दोन डबे घेऊन आल्या होत्या, एक त्यांचा आणि एक छोटा. दुसरा कोणाचा विचारलं, तर म्हणाल्या, आठवत नाही. मग पायरीवर बसून रडल्या. का रडता विचारलं तर ते पण आठवत नाही म्हणाल्या."

खाली कठडा पुसणं चालू होतं.

"आई, एक विचारू? माझ्या शेजारी कोण बसायचं?"

"कधी?"

"आधी. माझ्या बाकावर ना, बरोबर मधोमध कर्कटकाने रेघ मारलीय. इकडे माझं नाव आहे, माझ्याच अक्षरात. मी एकटी बसते, तर मी रेघ कशाला मारीन?"

बावीस वर्षांत बाईंनी वर्गात एकही खोटं वाक्य उच्चारलं नव्हतं. प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर सांगायच्या, मला माहीत नाही, आपण शोधू.

"कोणीच नाही," त्या म्हणाल्या. "तू एकटीच बसायचीस."

"मला वाटलंच. मग उद्यापासून मी रेघेच्या पलीकडे सरकून बसू? तिकडे खिडकी आहे."

"नको!"

बाईंचा आवाज एवढा मोठा निघाला, की खाली पुसणारा हात थांबला.

"का?" खारूताईने विचारलं. "तिथे कोणी नाही ना?"

बाईंनी रिसीव्हर एका कानावरून दुसऱ्या कानावर नेला. हीटर चालू होता आणि त्यांची बोटं गार पडली होती.

"आई? कोणी नाही ना तिथे?"